दम नेमका कुठे संपतो?
बोरघाट, माथेरान आणि माणसाच्या प्राणवायूची सीमा

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून आलेल्या भाच्याबरोबर मी नेरळहून माथेरानला पायी चढलो. तो हिंजवडीत नोकरी करतो, शनिवारी-रविवारी धावतो आणि मनगटावर एक घड्याळ बाळगतो. पहिल्या चढणीनंतर त्याने ते माझ्यापुढे धरले. आकडा होता ४७. ''मामा, हा माझा व्हीओ-टू मॅक्स. म्हणजे माझं शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते. एका किलोला ४७ मिलिलिटर.''

मी आयुष्यभर शरीरक्रियाविज्ञान शिकवले. त्या घड्याळाने त्याचा एकही श्वास मोजलेला नव्हता. नाडीचे ठोके, वेग आणि त्याने नोंदवलेले वय-वजन यांवरून बांधलेला तो अंदाज होता. पण हे सांगायला माझ्याकडे तेव्हा दम नव्हता. मी दगडावर टेकलो होतो. तेवढ्यात खालच्या वाडीतल्या दोन ठाकर बायका डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन आमच्या बाजूने वर गेल्या. त्यांची चाल आमच्यापेक्षा हळू होती, पण त्या कुठे थांबलेल्या दिसल्या नव्हत्या. त्यांतली वयस्कर बाई जाता जाता म्हणाली, ''बसा बाबा घटकाभर. घाई केली तर वर पोचणार नाय.''

भाचा त्यांच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ''मामा, यांचा आकडा किती असेल?''

हा लेख त्या प्रश्नातून निघाला. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके चढाचे. इथे कोकण संपते आणि सह्याद्री उभा राहतो. इथल्या माणसाने शतकानुशतके ओझी वर चढवली, घाट फोडला, पालख्या उचलल्या, हातरिक्षा ओढल्या. त्या सगळ्यांचा दम कुठे तरी संपत होता. तो नेमका कुठे संपतो, फुप्फुसात, हृदयात, रक्तात की स्नायूत, हे शोधायला जगाला दीडशे वर्षे लागली. ते दोन इतिहास एकमेकांना फारसे भेटलेले नाहीत. मी त्यांची गाठ घालून पाहतो.

माझे वडील कर्जतला रेल्वेत होते. आमचे घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, तिच्या मागे जादा इंजिने लागतात, आणि पुढून ओढ नि मागून रेटा असा तिचा घाटातला प्रवास सुरू होतो. रेल्वेवाले या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. प्रवाशांना त्या वेळात बटाटेवडा मिळतो, म्हणून त्यांना कर्जत आठवते. मला मात्र लहानपणी एकच कोडे होते. घाटात गाडीला मागून ढकलायला इंजिन मिळते, मग माणसाला का मिळत नाही?

घाटातल्या लोहमार्गाचा चढ ३७ फुटांना एक फूट. हा मार्ग बांधायला १८५६ साली सुरुवात झाली आणि १८६३ साली तो खुला झाला. पंचवीस बोगदे, बावीस पूल, आणि जवळजवळ साडेपाचशे मीटरची चढण. अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव इतिहासात आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला, काही आठवड्यांतच मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले, हेही आता बऱ्याच लोकांना ठाऊक आहे. मजुरांची नावे अर्थातच नाहीत. १८६१ च्या सुमारास कामावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसे होती, एवढे सापडते. कड्यावरून दोराला लोंबकळत पहारीने भोके पाडणारे, सुरुंग भरणारे, मातीची घमेली वाहणारे, पाणी चढवणारे. पावसाळ्यात काम थांबले की ही माणसे गावी पांगत. पटकीने किती तरी तिथेच गेली. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून दंगाही झाला.

या साऱ्याचे दप्तर आहे. किती घनफूट खडक फोडला, किती रुपये लागले, किती माणसे लावली. एका माणसाने दिवसभरात किती काम करावे हे मात्र मुकादमाच्या नजरेवर ठरत होते. माणसाच्या शरीराला स्वतःची अशी एक मोजता येणारी मर्यादा आहे, ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या हिशेबात नव्हती.

घाट सुरू होऊन सात वर्षे झाल्यावर, १८७० साली, जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग गावी अडोल्फ फिक या शास्त्रज्ञाने एक छोटे टिपण वाचले. त्यात प्रयोग नव्हता, नुसता तर्क होता. शरीर एका मिनिटात जेवढा प्राणवायू वापरते, तेवढाच रक्ताने फुप्फुसातून उचललेला असला पाहिजे. म्हणजे हृदयातून मिनिटाला किती रक्त बाहेर पडते आणि त्या रक्ताच्या प्रत्येक लिटरमधून किती प्राणवायू शरीराने काढून घेतला, या दोहोंचा गुणाकार. बस, इतकेच. किराणा दुकानदारालाही पटेल असा हिशेब: किती पोती आली आणि प्रत्येक पोत्यातून किती माल उतरवला.

सुदृढ तरुणाच्या धमनीतल्या एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू असतो. स्वस्थ बसलेले असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकते, नेटाचा चढ चढताना वीस लिटर. तेव्हा स्नायू त्या प्रत्येक लिटरमधून दीडशे मिलिलिटर काढून घेतात. वीस गुणिले दीडशे म्हणजे तीन लिटर. हीच त्या तरुणाची कमाल. नामवंत धावपटूंची हृदये मिनिटाला पस्तीस-चाळीस लिटर रक्त फेकतात, म्हणून त्यांची कमाल दुप्पट असते.

फिकने सूत्र दिले, पण धावणाऱ्या माणसाचा श्वास पकडायचा कसा? ते काम सी. जी. डग्लस यांच्या पिशवीने केले. १९११ च्या सुमारास त्यांनी पाठीवर बांधायची एक मोठी हवाबंद पिशवी वापरात आणली. तोंडातून सोडलेला सारा श्वास तिच्यात साठतो आणि नंतर त्यातला प्राणवायू मोजता येतो. ही पिशवी पाठीला बांधून मँचेस्टरमध्ये ए. व्ही. हिल स्वतः एका छोट्याशा गोल धावपट्टीवर धावले. स्नायूंतल्या उष्णतेवरच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालेला हा माणूस तिशी उलटल्यावर तोंडात नळी धरून गवतावर फेऱ्या मारत होता, हे चित्र मला फार आवडते. १९२३ साली हिल आणि हार्टली लप्टन यांनी आपले निष्कर्ष छापले. वेग वाढवत नेला की प्राणवायूचा वापर वाढत जातो, पण एका टप्प्यानंतर वेग वाढवला तरी तो वाढत नाही. हिल यांच्या बाबतीत तो मिनिटाला चार लिटरांच्या थोडा वर अडला.

तो का अडला? हिल यांचा कौल हृदयाकडे होता. त्यांनी आणखी एक शंका मांडली होती: हृदयाला स्वतःलाच प्राणवायू कमी पडू लागला तर त्याची गती आवरणारी काही 'नियंत्रक' यंत्रणा शरीरात असावी. ही शंका पुढे सत्तर वर्षे पडून राहिली.

इथे थांबून आपल्या रोजच्या अनुभवाकडे पाहू. चढताना धाप लागते, छातीचा भाता चालतो, आणि आपण म्हणतो, श्वास पुरेना. मराठीत तर 'दम' या एकाच शब्दात श्वास, ताकद, धीर आणि विसावा सगळेच आले आहे. म्हणून फुप्फुसे कमी पडली असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दम लागलेल्या निरोगी माणसाच्या धमनीतले रक्त तपासले तर ते प्राणवायूने जवळपास भरलेलेच निघते. फुप्फुसांनी आपले काम चोख केलेले असते. धाप लागते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता बाहेर काढण्याच्या खटाटोपाने. (याला अपवाद आहेत. अमेरिकेत जेरोम डेम्प्सी यांनी १९८४ मध्ये दाखवले की काही अव्वल धावपटूंचे हृदय इतके जोरात रक्त ढकलते की फुप्फुसातून जाताना त्याला भरायला पुरेसा वेळ मिळत नाही. पण ती गोष्ट तुमची-माझी नव्हे.)

मी वर्गात हे समजावताना खोपोलीचा दाखला देत असे. खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. वर लोणावळ्याच्या बाजूला तलाव, तिथून कालव्याने कड्यापर्यंत पाणी, कड्यावरून अर्धा किलोमीटर खाली झेपावणारे लोखंडी नळ, आणि पायथ्याशी जनित्रे. मुलांना मी विचारत असे: वीज कमी पडली तर दोष कुणाचा? तलावाचा, नळाचा की जनित्रांचा? तलाव भरलेला असेल आणि जनित्रे भुकेली असतील, तर नळ वाढवा. नळ मोठे आणि जनित्रे छोटी असतील, तर नळ वाढवून काही होणार नाही. शरीरात फुप्फुसे म्हणजे तलाव, हृदय आणि रक्तवाहिन्या म्हणजे नळ, स्नायू म्हणजे जनित्रे. खोपोलीच्या एका मुलाने मला एकदा विचारले होते, ''सर, पण पाणीच पातळ असेल तर?'' वर्ग हसला. मी हसलो नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

जनित्रांची भूक केवढी असते हे १९८५ मध्ये कोपनहेगनला कळले. पेर आंदरसेन आणि बेंग्ट साल्टिन यांनी माणसाला बसवून एकाच पायाच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंनी काम करायला लावले आणि त्या स्नायूंत किती रक्त जाते ते मोजले. एक किलो स्नायू मिनिटाला सुमारे अडीच लिटर रक्त गिळत होता! धावताना किंवा चढताना पंधरा-वीस किलो स्नायू एकाच वेळी कामाला लागतात. त्या सर्वांनी असा हात पसरला तर हृदयाला चाळीस-पन्नास लिटर रक्त फेकावे लागेल, आणि ते वीसच फेकू शकते. म्हणजे स्नायूंची मागणी पुरी करण्याची ताकद हृदयात नाही.

त्याआधीचा एक प्रयोग मला याहून बोलका वाटतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून ठेवले. उठल्यावर त्यांची कमाल एक-चतुर्थांशाहून अधिक घसरली होती. फुप्फुसे तीच होती. हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त मात्र कमी झाले होते. विशीतल्या पोरांची ही गत, तर बाळंतपणानंतर किंवा मलेरियातून उठून आठवड्याभरात वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाचे काय होत असेल, हा विचार तो निबंध वाचताना माझ्या मनात आला, आणि मग मला निबंध पुढे वाचवेना.

आता पातळ पाण्याकडे.

माझी आई कर्जत स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबायची. कठड्याला धरून उभी राहायची, पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, ''तुम्ही व्हा पुढे.'' आमच्या त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितले, हृदय अशक्त आहे, दगदग नको. वर्षानुवर्षे तिने दगदग केली नाही, म्हणजे करता येईल तेवढी कमी केली. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना केवळ सरावासाठी तिच्या बोटातून रक्त काढले. हिमोग्लोबिन सात निघाले.

हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहतो. शंभर मिलिलिटर रक्तात चौदा ग्रॅम असले तर लिटरभर रक्तात १८८ मिलिलिटर प्राणवायू मावतो. सात ग्रॅम असले तर ९४. हृदय तितकेच, नळ तितकेच, पण प्रत्येक पोते अर्धे भरलेले. मग तेवढ्याच पुलासाठी हृदयाला जवळपास दुप्पट फेऱ्या माराव्या लागतात. तिचे हृदय अशक्त नव्हते. ते दोघांचे काम एकटे करत होते. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्या वर्षाच्या दिवाळीला ती पूल न थांबता चढली. वर पोचल्यावर मागे वळून तिने आमच्याकडे पाहिले, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

रक्त हा या साखळीतला मोठा दुवा आहे याचा पुरावा स्टॉकहोममध्ये ब्यॉर्न एकब्लोम यांनी १९७२ मध्ये उलट बाजूने दिला. त्यांनी माणसांचे रक्त काढून ठेवले, काही आठवड्यांनी शरीराने ते भरून काढल्यावर त्यांचेच साठवलेले रक्त परत दिले. कमाल सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. पुढे सायकलपटूंनी या विद्येचा काय बाजार मांडला ते सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे या शोधाचा अर्थ वेगळा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. युरोपातल्या खेळाडूने चोरून रक्त भरून घेतले तर त्याच्यावर बंदी येते. आपल्याकडे निम्म्याहून अधिक स्त्रिया ओंजळभर रक्त कमी घेऊनच शर्यतीत उतरतात, आणि त्यांना मागे पडल्याबद्दल आळशी म्हणतात.

या रक्तक्षयाच्या इतिहासातले एक सोनेरी पान मुंबईचे आहे. १९२८ च्या अखेरीस ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांत एक घातक रक्तक्षय दिसत होता. तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत. विल्सने त्यांच्या जेवणाचा, घराचा, कामाचा छडा लावला. जंतू सापडले नाहीत. अखेर यीस्टचा अर्क, बाजारात मिळणारा स्वस्त 'मार्माइट', दिल्यावर या स्त्रियांचे रक्त भरून आले. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिची मुळे परळला आहेत.

हे लिहिताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मुंबईच्या त्या गिरण्या खोपोलीच्या पाण्यावर चालत होत्या. घाटावरचे पाणी अर्धा किलोमीटर खाली पडायचे, वीज व्हायची, ती तारांतून मुंबईला जायची आणि चात्या फिरायच्या. यंत्राला पुरेशी ऊर्जा मिळते की नाही याची काळजी घेणारे अभियंते होते. त्याच यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईच्या रक्तात किती प्राणवायू मावतो, हे पाहायला ल्यूसी विल्स यावी लागली.

श्रीलंकेच्या चहामळ्यांत १९७० च्या दशकात हाच प्रश्न थेट विचारला गेला. मळ्यावरच्या स्त्रियांना फिरत्या पट्ट्यावर चालवले, तेव्हा जिचे हिमोग्लोबिन कमी ती आधी थांबली. लोह दिल्यावर त्यांनी जास्त पाने खुडली. 'अंगचोर' या शब्दाचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात हा प्रयोग यायला हवा.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यात एक चूक दडलेली आहे. त्या बाईचा कमाल आकडा कदाचित त्याच्याहून कमी भरेल. पण ओझे वाहणाऱ्याचे आयुष्य कमाल आकड्यावर चालत नाही. कमाल पातळीवर माणूस काही मिनिटेच टिकतो. प्रश्न असा की रोज आठ तास, वर्षानुवर्षे, कमालीच्या किती टक्के काम करता येते? याचे आपल्या मातीतले उत्तर मुंबईतच, शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतल्या पी. एन. साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दिले. भारतीय कामगारासाठी दिवसभराचा सोसवेल असा भार त्यांनी ठरवला: कमाल प्राणवायूच्या सुमारे ३५ टक्के, मिनिटाला सुमारे १८ किलोज्यूल, आणि नाडी ११० च्या आसपास. कामगारांच्या चळवळीत किमान वेतनाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, हा आकडा मी एकाही सभेत ऐकलेला नाही.

मी नेरळच्या वाटेचा ढोबळ हिशेब करून पाहिला. नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटर, माथेरान आठशे. साठ किलोचा माणूस वीस किलोचे ओझे घेऊन दोन तासांत चढतो असे धरा. नुसती उंची जिंकायला सुमारे सहाशे किलोज्यूल काम होते. स्नायू दर चार भाग खर्चून एक भाग काम देतात, म्हणजे मिनिटाला वीस किलोज्यूल, वर शरीर जिवंत ठेवण्याचे चार. एकूण चोवीस. आडव्या चालीचा खर्च मी धरलेलाच नाही. साहांची रेघ अठरावर आहे. अठरात बसायचे तर याच चढाला तीन तास तरी द्यायला हवेत. ''घाई केली तर वर पोचणार नाय'' या वाक्यात हे सगळे गणित आलेले होते, आणि ते सांगणारी बाई चालता चालता सांगून गेली.

ओझे डोक्यावर का, यालाही उत्तर आहे. दत्त आणि रामनाथन यांनी १९७१ मध्ये ओझे वाहण्याच्या सात पद्धती तुलनेसाठी घेतल्या. पुढे-मागे सारखी विभागलेली पिशवी सर्वांत स्वस्त पडली, डोक्यावरचे ओझे तिच्या जवळपास, आणि दोन्ही हातांत धरलेले सर्वांत महाग. शहरातली माणसे भाजीच्या पिशव्या हातात लोंबकळत आणतात. पाटीवाल्या बाईला ते हसू येण्यासारखे आहे.

माथेरानची गंमत अशी की १८५० साली ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने ते साहेबांसाठी 'शोधले' तेव्हापासून तिथे वर पोचणे हा नेहमीच दुसऱ्याच्या दमाचा प्रश्न राहिला. आधी पालख्या आणि घोडे, १९०७ पासून आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली छोटी रेल्वे, आणि गावात मोटारींना बंदी असल्यामुळे माणसांनी ओढायच्या रिक्षा. एक पुढे ओढणारा, मागून ढकलणारे. तांबड्या मातीच्या चढावर पावसाळ्यात चाक रुतते तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा मी पाहिल्या आहेत. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. तिथे ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. न्यायालयाचे म्हणणे मानवी प्रतिष्ठेचे होते, आणि ते बरोबरच आहे. माझ्या विषयाने त्यात एवढीच भर घालता येते: माणसाची कमाल वयाच्या तिशीनंतर दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. प्रवासी मात्र तितक्याच वजनाचा राहतो. पंचविशीत जो चढ कमालीच्या निम्म्यावर होत होता, तो पंचावन्नाव्या वर्षी त्याच्या दोन-तृतीयांशावर जातो. रिक्षा तीच, रस्ता तोच, भाडे ठरलेले.

इर्शाळवाडीबद्दल लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकरांची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे सापडली नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरेना. तेव्हा सगळी मदत पायी गेली. निसरडी वाट, मुसळधार पाऊस, रात्र, आणि फावडी-घमेली घेऊन चढणारी माणसे. त्या चढावर अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

त्यांच्या शरीरात नेमके काय घडले यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण हृदयाबद्दल एक गोष्ट सांगता येते. पायाचे स्नायू विश्रांतीत असताना रक्तातला थोडासाच प्राणवायू घेतात, गरज पडली की जास्त घेतात. त्यांच्यापाशी शिल्लक असते. हृदयाच्या स्नायूपाशी ती नसते. तो शांत असतानाही आपल्याकडे आलेल्या रक्तातला सत्तर टक्क्यांहून अधिक प्राणवायू काढून घेत असतो. त्यामुळे जास्त काम करायचे तर जास्त रक्त यायलाच हवे, दुसरा मार्ग नाही. त्याच्या धमन्या वयाने आतून अरुंद झालेल्या असतील तर चढ, घाई आणि ओझे यांतले काय आधी कमी करायचे हे माणसाला ठरवावे लागते. खाली माणसे गाडली गेली आहेत हे ठाऊक असताना घाई कोण कमी करणार? हिल यांनी १९२४ च्या सुमारास सुचवलेला तो 'नियंत्रक' दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी १९९० च्या दशकात पुन्हा चर्चेत आणला. त्यांच्या मते दम संपण्याआधीच मेंदू आपल्याला थांबवतो, हृदयाच्या रक्षणासाठी. मला हा सिद्धान्त पूर्ण पटलेला नाही. कमालीच्या मोजमापांत हृदय, रक्त आणि त्यांचा प्रवाह यांचीच सत्ता दिसते. आणि मेंदूत असा पहारेकरी असलाच, तर त्याचे ऐकायचे नाही असे ठरवून चढणारी माणसेही असतात.

आम्ही त्या दिवशी माथेरानला जेवून दुपारी उतरू लागलो. अर्ध्या वाटेवर त्या दोघी बसलेल्या भेटल्या, पाट्या रिकाम्या. ओळख लागली. भाच्याने त्यांच्यातल्या वयस्कर बाईला विचारून घड्याळ तिच्या मनगटावर बांधले. हिरव्या बांगड्यांच्या वर ते काळे पट्ट्याचे घड्याळ. तिने हात वळवून वळवून पाहिले. आकडा दिसेना, म्हणून भाच्याने त्यातली माहिती बदलायला घेतली. वजन विचारले, ते तिने अंदाजाने सांगितले. मग जन्मवर्ष.

''ते नाय म्हाईत,'' ती म्हणाली. ''आईला म्हाईत होतं काय, कुणास ठावं.''

भाचा खाली पाहत पडद्यावरचे वर्षांचे आकडे वरखाली फिरवत राहिला. ती थोडा वेळ थांबली, मग घड्याळ सोडून त्याच्या हातात दिले, पाटी उचलली आणि दोघी उतरायला लागल्या.